खडूच्या एका रेघेची किंमत

अभियंत्यांच्या जगात एक कथा गेली अनेक दशके सांगितली जाते. डेट्रॉइटजवळ रिव्हर रूज येथे हेन्री फोर्ड यांचा मोटारींचा अवाढव्य कारखाना होता. तिथले एक प्रचंड विद्युत जनित्र नीट चालेना आणि कारखान्यातल्या अभियंत्यांना त्याचे कारण काही केल्या सापडेना. अखेर बाहेरून एका तज्ज्ञाला पाचारण करण्यात आले. जेमतेम चार फूट उंचीच्या, पाठीला कुबड असलेल्या या गृहस्थाने सोबतीला कोणी नको म्हणून सांगितले आणि फक्त एक वही, पेन्सिल व निजायला खाट मागून घेतली. दोन दिवस आणि दोन रात्री तो जनित्राचा आवाज ऐकत, वहीत आकडेमोड करत बसला. नंतर त्याने शिडी, मोजपट्टी आणि खडू मागवला, जनित्रावर चढून एका जागी रेघ मारली आणि तेवढा भाग उघडून आतल्या वेटोळ्याचे सोळा फेरे काढून टाकण्यास सांगितले. तसे करताच जनित्र सुरळीत चालू लागले. पुढे दहा हजार डॉलरचे बिल आले तेव्हा फोर्ड यांनी तपशील मागितला. उत्तरात दोनच ओळी होत्या. खडूची रेघ मारण्याबद्दल एक डॉलर, आणि ती कुठे मारायची हे ठाऊक असण्याबद्दल नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव डॉलर.

हे गृहस्थ म्हणजे चार्ल्स प्रोटिअस स्टाइनमेट्झ. ही कथा त्यांच्या मृत्यूनंतर चार दशकांनी, १९६५ साली, 'लाइफ' या अमेरिकी साप्ताहिकातल्या एका वाचकाच्या पत्रामुळे सर्वदूर पोहोचली. अशीच गोष्ट इतर कुशल कारागिरांच्या नावावरही सांगितली जाते. त्यामुळे तिचा शब्द न् शब्द खरा मानण्याचे कारण नाही. परंतु ती स्टाइनमेट्झ यांच्याच नावाला इतकी घट्ट चिकटली, यात मात्र नवल नाही. विजेच्या यंत्रातला दोष हातोडी आणि स्क्रू-ड्रायव्हर घेऊन शोधण्याआधी कागदावर शोधता येतो, हे ज्यांनी जगाला शिकवले त्यांत त्यांचे स्थान फार वरचे आहे. आज पुणे-चाकणच्या मोटार कारखान्यात एखादा यंत्रमानव अचानक थांबतो आणि तंत्रज्ञ त्याच्या नियंत्रकाचे कपाट उघडून बसतो, तेव्हा त्याच्या हातातली बरीचशी शिदोरी स्टाइनमेट्झ यांच्याकडूनच आलेली असते.

कार्ल ऑगस्ट रुडॉल्फ स्टाइनमेट्झ यांचा जन्म ९ एप्रिल १८६५ रोजी प्रशियातील ब्रेस्लाउ येथे झाला. आज हे शहर पोलंडमध्ये असून व्रोत्सवाफ या नावाने ओळखले जाते. वडील रेल्वेत नोकरीला होते. पाठीचा कणा वाकलेला असण्याची व्याधी आजोबांना होती, वडिलांना होती आणि मुलालाही ती जन्मतःच मिळाली. कार्ल वर्षाचा असतानाच आई वारली. आजीने त्याला वाढवले. शरीराने साथ दिली नाही, पण बुद्धीने त्याची भरपाई केली. १८८३ साली त्याने ब्रेस्लाउ विद्यापीठात प्रवेश घेतला आणि गणितात असे प्रावीण्य मिळवले, की सहाध्यायांनी त्याला प्रोटिअस हे टोपणनाव दिले. ग्रीक पुराणांतला प्रोटिअस हा समुद्राचा वृद्ध देव. त्याला सर्व काही ठाऊक असते, पण कोणी पकडू लागले की तो क्षणाक्षणाला रूपे बदलतो. जो त्याला न सोडता घट्ट धरून ठेवतो, त्यालाच तो खरे उत्तर देतो.

विद्यापीठात असतानाच कार्ल समाजवादी चळवळीकडे ओढला गेला. बिस्मार्कच्या राजवटीत समाजवाद्यांवर कायद्याने बंदी होती. अशा काळात तो त्यांच्या वृत्तपत्राचे काम पाहू लागला. पोलिसांची नजर त्याच्यावर वळली. १८८८ साली, डॉक्टरेटचा प्रबंध पूर्ण होत आलेला असताना, अटक टाळण्यासाठी त्याला घर सोडून स्वित्झर्लंडला पळून जावे लागले. हाताशी आलेली पदवी हुकली. वडिलांची तर पुन्हा कधी भेटच झाली नाही. झुरिचच्या तंत्रनिकेतनात काही काळ यंत्रशास्त्राचा अभ्यास करून, आस्मुसेन नावाच्या मित्रासोबत त्याने अमेरिकेची वाट धरली.

१ जून १८८९ रोजी जहाज न्यूयॉर्कला लागले. त्या काळी बंदरावरचे अधिकारी येणाऱ्या प्रत्येकाला नजरेनेच पारखत असत. पाठीत वाकलेला, खिसा रिकामा असलेला आणि इंग्रजी जेमतेम बोलणारा हा तरुण देशाला ओझेच होणार, असा त्यांचा समज झाला आणि त्याला परत पाठवण्याची तयारी सुरू झाली. आस्मुसेनने जवळचे पैसे दाखवले, मित्राची सर्व जबाबदारी आपण घेतो असे सांगितले, तेव्हा कुठे दार उघडले. अमेरिकेच्या विद्युत उद्योगाला ज्याने पुढे शास्त्राचा पाया दिला, तो माणूस असा मित्राच्या भरवशावर त्या भूमीवर उतरला. वरवर पाहून काढलेला निष्कर्ष किती चुकीचा असू शकतो, याचा तो पहिला धडा होता. पुढे आयुष्यभर त्यांनी यंत्रांच्या बाबतीत हाच धडा दिला.

नव्या देशात त्यांनी कार्लचे चार्ल्स केले आणि विद्यार्थिदशेतले टोपणनाव मधले नाव म्हणून घेतले. न्यूयॉर्कजवळ याँकर्स येथे रुडॉल्फ आयकमायर या जर्मन गृहस्थांचा कारखाना होता. टोप्या बनवणारी यंत्रे तयार करता करता ते विजेच्या मोटारींकडे वळले होते. तेही तरुणपणी जर्मनीतल्या १८४८ च्या क्रांतीत सहभागी होऊन देशाबाहेर पडलेले. स्टाइनमेट्झ यांना तिथे आठवड्याला १२ डॉलरवर आरेखकाची नोकरी मिळाली आणि पाठोपाठ एक छोटी प्रयोगशाळाही.

त्या वेळी प्रत्यावर्ती प्रवाहाची, म्हणजे एसी विजेची यंत्रे नव्यानेच येत होती. यंत्र आखायचे, बनवायचे, चालवून पाहायचे आणि ते भयंकर तापले की मोडून पुन्हा बनवायचे, अशी रीत होती. यंत्र का तापते, हे अंदाजाने सांगितले जाई. त्यामागचे एक मोठे कारण लोखंडातच दडले होते. एसी प्रवाहामुळे लोखंडाचे चुंबकत्व दर सेकंदाला कित्येक वेळा उलटसुलट होते आणि प्रत्येक उलटीत थोडी ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते. याला हिस्टेरिसिस म्हणतात. स्टाइनमेट्झ यांनी ब्रिटिश शास्त्रज्ञ यूइंग यांची मोजमापे तपासली, स्वतः असंख्य नमुन्यांवर प्रयोग केले आणि एक साधा नियम मांडला. चुंबकीय प्रवाहाची घनता जितकी, तिच्या १.६ या घाताच्या प्रमाणात ही हानी होते. घनता दुप्पट केली, तर हानी सुमारे तिप्पट. जानेवारी १८९२ मध्ये त्यांनी अमेरिकन विद्युत अभियंत्यांच्या संस्थेपुढे यावरचा निबंध वाचला. तेव्हा त्यांचे वय होते अवघे २६. मोटार किंवा रोहित्र किती तापेल, हे आता ते बनवण्याआधीच सांगता येऊ लागले. बिघाड शोधणाऱ्यालाही त्यातून एक मोजपट्टी मिळाली. हिशेबाने जितके तापायला हवे तितकेच यंत्र तापत असेल तर तो त्याचा स्वभाव, आणि त्याहून अधिक तापत असेल तर तो दोष.

दुसरे काम याहून मोठे. एसी विजेच्या मंडलात विद्युतदाब आणि प्रवाह एकाच क्षणी शिखरावर पोहोचत नाहीत. वेटोळे असेल तर प्रवाह मागे रेंगाळतो आणि धारित्र असेल तर तो पुढे धावतो. त्यामुळे साधी बेरीज चुकते. समजा, एका रोधाच्या दोन टोकांवर मीटर ३० व्होल्ट दाखवतो आणि त्याला जोडलेल्या वेटोळ्यावर ४० व्होल्ट. दोन्ही मिळून मात्र तोच मीटर ७० नव्हे, तर ५० व्होल्ट दाखवतो. ज्याला हे गणित ठाऊक नाही, तो हरवलेले २० व्होल्ट शोधत पूर्ण निरोगी मंडल उघडून बसेल. हे प्रश्न सोडवण्यासाठी तोवर कलनशास्त्राची किचकट समीकरणे मांडावी लागत आणि कारखान्यातल्या अभियंत्याला ती झेपत नसत. स्टाइनमेट्झ यांनी त्यासाठी संमिश्र संख्या वापरल्या. एखादे गाव पूर्वेला तीन कोस आणि उत्तरेला चार कोस असले, की सरळ रेषेत ते पाच कोस ठरते. तसाच विजेचाही हिशेब दोन घटकांच्या संख्येने मांडता येतो, हे त्यांनी दाखवून दिले. ऋण एकच्या वर्गमुळाला तोवर काल्पनिक म्हटले जाई. ती काल्पनिक संख्या आता कारखान्यातल्या खऱ्याखुऱ्या तारांचा हिशेब सांगू लागली. आर्थर केनेली यांनीही याच सुमारास याच दिशेने काम केले होते. मात्र १८९३ साली शिकागोच्या आंतरराष्ट्रीय विद्युत परिषदेत स्टाइनमेट्झ यांनी ही पद्धत विस्ताराने मांडली आणि १८९७ साली आलेल्या त्यांच्या ग्रंथाने ती वर्गावर्गांत पोहोचली.

दरम्यान १८९२ साली स्थापन झालेल्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीने आयकमायर यांचा उद्योग विकत घेतला आणि त्याबरोबर स्टाइनमेट्झही तिकडे गेले. १८९४ पासून न्यूयॉर्क राज्यातले स्केनेक्टडी हे शहर त्यांची कर्मभूमी झाले. कंपनीने स्वतंत्र संशोधन प्रयोगशाळा उभारावी, असा आग्रह त्यांनी धरला आणि १९०० साली ती सुरू झाली ती त्यांच्याच घरामागच्या एका कोठारात. १९०१-०२ मध्ये ते विद्युत अभियंत्यांच्या संस्थेचे अध्यक्ष झाले. ज्याची डॉक्टरेट पळापळीत राहून गेली होती, त्याला युनियन कॉलेजने १९०३ साली सन्मानाने ती पदवी दिली. या महाविद्यालयात विद्युत अभियांत्रिकीचा विभाग त्यांनी अनेक वर्षे सांभाळला. दोनशेच्या आसपास पेटंटे त्यांच्या नावावर जमा झाली.

तरीही एक प्रश्न उरलाच होता. चालू असलेल्या यंत्राचे गणित हाती आले होते, पण यंत्रे बहुधा निवांत चालू असताना मोडत नाहीत. ती मोडतात बटण दाबल्याच्या क्षणी, प्रवाह तोडल्याच्या क्षणी, कुठे शॉर्ट सर्किट झाले किंवा वीज कोसळली त्या क्षणी. सेकंदाच्या हजाराव्या किंवा लक्षाव्या भागात दाब कित्येक पटींनी उसळतो, निरोधक आवरण फोडतो आणि नाहीसा होतो. मागे उरते ती फक्त जळकी खूण. हा क्षणिक उद्रेक नेमका कसा उठतो आणि कसा शमतो, यावर स्टाइनमेट्झ यांनी १९०९ साली स्वतंत्र ग्रंथ लिहिला. लांबलांबच्या तारांवरून वीज वाहून नेणाऱ्या त्या युगाला त्याची निकड होती. आपल्याकडेही १९१५ साली खोपोलीहून सह्याद्री उतरून मुंबईला पोहोचलेली वीज प्रत्यावर्तीच होती, आणि घाटातल्या वळवाच्या विजांपासून अशा तारा राखणे हे जगभरातल्या अभियंत्यांपुढचे आव्हान होते.

मोहॉक नदीजवळ एका ओढ्याकाठी स्टाइनमेट्झ यांची एक साधी लाकडी झोपडी होती. उन्हाळ्यात ते नावेवर आडवी फळी टाकून, तिचे मेज करून पाण्यातच गणिते करत बसत. १९२० च्या सुमारास या झोपडीवर वीज पडली. आतले सामान तडकले, आरशाच्या ठिकऱ्या उडाल्या. दुसरा कोणी असता तर त्याने ते तुकडे केरात टाकले असते. स्टाइनमेट्झ यांनी मात्र ते वेचून एकमेकांशी जुळवले आणि दोन काचांमध्ये बसवून टाकले. आरशाच्या मुलाम्यावर उमटलेल्या खुणांवरून वीज कुठून शिरली आणि कोणत्या वाटेने गेली, याचा माग त्यांनी काढला. दोष निघून गेल्यावर त्याची खूण वाचायची ती अशी.

या कुतूहलातून १९२२ साली त्यांच्या प्रयोगशाळेत कृत्रिम वीज पाडणारे यंत्र उभे राहिले. मोठमोठ्या काचपाट्यांच्या धारित्रांत साठवलेली वीज १,२०,००० व्होल्टच्या दाबाने एका क्षणात मोकळी केली जाई. छोट्या घरांचे, झाडांचे आणि चर्चचे नमुने मांडून त्यांवर ही वीज पाडली जाई. लाकडाचा ओंडका क्षणार्धात फुटलेला लोक पाहत. त्या वर्षी स्केनेक्टडीला आलेल्या थॉमस एडिसन यांनीही हा चमत्कार पाहिला. वृत्तपत्रांनी स्टाइनमेट्झ यांना विजांचा निर्माता ठरवले. त्यांचा हेतू मात्र तमाशा दाखवण्याचा नव्हता. तारांचे आणि यंत्रांचे रक्षण करणारे तडितरोधक खरोखर टिकतात का, हे पाहण्यासाठी आभाळातल्या विजेची वाट पाहत बसावे लागू नये, हा होता. दोष हवा तेव्हा, हवा तसा पुन्हा घडवता आला, की त्यावरचा उपाय अर्धा हाती लागतो.

या सगळ्यामागे एक एकाकी माणूस होता. आजोबांपासून आलेली व्याधी आपल्याबरोबर संपावी, पुढच्या पिढीला तिचा भार नको, म्हणून त्यांनी लग्न न करण्याचा निर्णय घेतला होता. पण त्यांना माणसांची ओढ होती. प्रयोगशाळेतला तरुण सहकारी जोसेफ हेडन, त्याची पत्नी आणि पुढे त्यांची तीन मुले वेंडेल अव्हेन्यूवरच्या त्यांच्या मोठ्या घरात राहू लागली. स्टाइनमेट्झ यांनी हेडन यांना रीतसर दत्तक घेतले आणि ते आजोबा झाले. घराला जोडून काचगृह होते. त्यात ऑर्किड, निवडुंग, नेचे वाढत आणि मगरीही पाळलेल्या असत. संध्याकाळी नातवंडांना गोष्टी सांगणारे आजोबा तोंडातली चिरूट क्वचितच खाली ठेवत.

तरुणपणीची निष्ठाही त्यांनी सोडली नव्हती. बड्या भांडवलदारी कंपनीच्या सेवेत असताना ते उघडपणे समाजवादी राहिले. शहरात समाजवादी महापौर निवडून आल्यावर त्यांनी शिक्षण मंडळाचे आणि पुढे नगरपरिषदेचे अध्यक्षपद सांभाळले. १९२२ साली रशियाच्या विद्युतीकरणाला मदत करण्याची तयारी त्यांनी लेनिन यांना पत्राने कळवली आणि लेनिन यांचे उत्तरही आले. त्याच वर्षी न्यूयॉर्क राज्याच्या अभियंतापदाची निवडणूक त्यांनी लढवली आणि ते हरले. वीज ही मूठभरांची मिरास न राहता घराघरातले कष्ट हलके करील, ही त्यांची श्रद्धा मात्र अखेरपर्यंत टिकली. अमेरिकेच्या पश्चिम भागाचा दौरा आटोपून परतल्यावर, २६ ऑक्टोबर १९२३ रोजी, वयाच्या ५८ व्या वर्षी हृदयक्रिया बंद पडून त्यांचे निधन झाले.

त्यांच्या वेळी कारखान्यात यंत्रमानव नव्हता. आजच्या यंत्रमानवाच्या नियंत्रकात मात्र त्यांचे तिन्ही धडे एकत्र आलेले दिसतात. बाहेरून आलेली एसी वीज आधी एकदिश करून धारित्रांत साठवली जाते, मग तिच्यापासून हव्या त्या वारंवारितेची एसी पुन्हा तयार होऊन प्रत्येक सांध्यातल्या मोटारीला पुरवली जाते. त्या मोटारीला क्षणाक्षणाला वळवणारे गणित दोन घटकांच्या संख्यांचेच असते. आतल्या चुंबकीय गाभ्यांची हानी मोजताना आजही स्टाइनमेट्झ यांच्याच समीकरणापासून सुरुवात होते.

आणि बिघाड? तो आजही रूपे बदलतो. वेगाने फिरणारा हात थांबतो तेव्हा त्याची मोटार घटकाभर जनित्र होते आणि ऊर्जा उलटी धारित्रांकडे येते. ती पचवण्यासाठी एक रोध बसवलेला असतो. तो तुटला, की पडद्यावर दाब वाढल्याचा इशारा झळकतो आणि घाईतला माणूस निर्दोष असलेले महागडे कार्ड बदलून मोकळा होतो. दुसऱ्या दिवशी यंत्र पुन्हा थांबते. कधी हाताच्या आत सतत वळणाऱ्या केबलमधली एक तार तुटलेली असते. हात एका विशिष्ट स्थितीत गेला तरच ती सुटते आणि मीटर लावला की सारे ठीक दिसते. जाणता तंत्रज्ञ अशा वेळी आधी विचारतो, की इशारा नेमका कोणत्या क्षणी येतो. सुरू होताना, वेग घेताना की थांबताना? मग तो निरोगी मंडलात कुठे किती व्होल्ट दिसायला हवेत याचा मनाशी हिशेब मांडतो. वीज बंद करतो, धारित्रे रिकामी होण्याची वाट पाहतो आणि मगच हात घालतो. शक्य असेल तिथे तो दोन सांध्यांच्या जोडण्यांची अदलाबदल करून पाहतो. दोष जागेवरच राहिला की जोडणीबरोबर सरकला, यावरून तो नियंत्रकात आहे की हातात, हे उलगडते.

स्केनेक्टडीत २०१५ साली एडिसन यांच्याबरोबर स्टाइनमेट्झ यांचाही पुतळा उभा राहिला. त्यांच्या मूळ उंचीचा असल्याने तो पुतळ्यांच्या मानाने लहानच आहे. बंदरावर ज्यांनी त्यांना नजरेने पारखले, त्यांची नावे कोणाच्या ध्यानात नाहीत. निदान करण्याआधी दोन रात्री जागणाऱ्या माणसाची कथा मात्र प्रत्येक नव्या तंत्रज्ञाला कोणी ना कोणी ऐकवतोच. ती खरी असो वा रचलेली, तिच्यातल्या बिलाचा हिशेब अगदी बरोबर आहे.